दिल्लीची हिवाळी सहल: उन्हाच्या हिशोबाने साडेतीन दिवस

हिवाळ्यात दिल्लीला जायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "थंडी झेपेल का?" थंडी झेपते. अंगावर नीट कपडे असले की दिल्लीची थंडी सोसवत नाही असं सहसा होत नाही. सहल विस्कटते ती धुक्यामुळे, आणि दिवस फार लवकर मावळतो हे आधी लक्षात न घेतल्यामुळे.

मी पहिल्यांदा आईला घेऊन गेले ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. गाडी सात तास उशिरा पोहोचली. दुसरा दिवस सोमवार होता, त्यामुळे लाल किल्ल्याचं बंद दार बघून परत फिरलो. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला हौसेने कुतुबमिनार गाठला, तर मिनाराचा वरचा अर्धा भाग धुक्यात गडप. आईने वर्षभर ठरवलेली सहल होती, म्हणून ते फार लागलं. त्यानंतर चार हिवाळे दिल्लीला गेले आणि दर वेळी एकच गोष्ट पक्की होत गेली: दिल्ली हिवाळ्यात बघायची तर नियोजन उन्हाच्या हिशोबाने करायचं. सकाळी अकरा ते दुपारी साडेचार हा तुमचा खरा दिवस. बाकीचे तास आत बसून बघायच्या जागा, खाणं आणि प्रवास यांना द्यायचे. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी पंधरवडा निवडा

दिल्लीचा हिवाळा एकसारखा नसतो. नोव्हेंबरात थंडी सुखाची असते, पण हवा वाईट. वारा पडलेला असतो, शेजारच्या राज्यांत भाताचे खुंट जाळले जातात, दिवाळीचा धूर त्यात मिसळतो आणि गार हवेच्या थराखाली सगळं कोंडून राहतं. घरात दम्याचं कुणी असेल, लहान मूल असेल, तर नोव्हेंबर सोडून द्या, असं मी स्पष्ट सांगेन.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा ते जानेवारीचा तिसरा आठवडा हा धुक्याचा काळ. रात्री जमीन पटकन गार होते, हवेत ओल असते, वारा नसतो, त्यामुळे धुकं जमिनीलगत साचतं. ऊन तापलं की साधारण दहा-अकरापर्यंत ते विरतं. पण कधी कधी ते नुसतं वर उचललं जातं आणि ढगासारखं दिवसभर डोक्यावर बसून राहतं. अशा दिवशी सूर्य दिसतच नाही आणि दुपारीही हुडहुडी भरते. रात्रीचं तापमान चार-पाच अंशांवर उतरणं या दिवसांत नेहमीचंच.

जानेवारीचा शेवटचा आठवडा वेगळाच असतो. २६ जानेवारीच्या संचलनासाठी येणार असाल तर त्या दृष्टीने जरूर या. तिकिटं संरक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आणि शहरातल्या ठरलेल्या खिडक्यांवर मिळतात. पण नुसतं शहर बघायचं असेल तर हा आठवडा टाळा. कर्तव्य पथाच्या आजूबाजूचे रस्ते तालमींसाठी बंद होतात, लाल किल्ला काही दिवस पर्यटकांना बंद असतो, हॉटेलांचे दर चढतात. २९ तारखेला विजय चौकात होणारा बीटिंग रिट्रीट मात्र सुंदर असतो. मावळत्या उन्हात लष्करी वाद्यवृंद वाजवत येतात आणि अंधार पडताच रायसीना टेकडीवरच्या इमारती दिव्यांनी उजळतात.

माझ्या मते पहिल्या सहलीसाठी सगळ्यात चांगला काळ फेब्रुवारीचा. सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागतो, दुपारी ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं, धुकं बरंचसं सरलेलं असतं. शिवाय राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान, म्हणजे २०२३ पर्यंतचं मुघल गार्डन, अलीकडच्या वर्षांत फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मार्चअखेरीपर्यंत लोकांसाठी खुलं ठेवतात. प्रवेश मोफत असतो, वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवायची असते आणि सोमवारी बंद असतं. गुलाब आणि ट्यूलिपचे ताटवे बघायला अख्खी दिल्ली लोटते, म्हणून शनिवार-रविवार सोडून वेळ घ्या.

शाळेच्या सुट्टीमुळे नाताळातच जावं लागत असेल, तरी जा. फक्त पुढचा प्रवासाचा भाग दोनदा वाचा.

तारखेच्याही आधी वार बघा

नवखी माणसं सगळ्यात जास्त इथे चुकतात. सोमवारी लाल किल्ला बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद, प्रधानमंत्री संग्रहालय बंद, गांधी स्मृती बंद, लोटस टेंपल बंद, अक्षरधाम बंद, चाणक्यपुरीतलं रेल्वे संग्रहालयही बंद. कुतुबमिनार, हुमायूनची कबर, पुराना किल्ला, इंडिया गेट, राष्ट्रीय समर स्मारक आणि लोदी गार्डन सोमवारीही खुली असतात. रविवारी चांदणी चौकातली बहुतेक दुकानं बंद. शुक्रवारी दुपारी जामा मशिदीत नमाजाची मोठी गर्दी असते आणि नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत. गुरुवारी संध्याकाळी निजामुद्दीन दर्ग्यात कव्वाली रंगते.

हे सगळं कागदावर मांडलं की उत्तर आपोआप मिळतं: गुरुवारी पोहोचा, शुक्रवार-शनिवार फिरा, रविवारी दुपारपर्यंत शेवटची जागा बघून संध्याकाळी परत निघा. सोमवार वाटेतच जाऊ द्या.

प्रवास: अर्धा दिवस राखून ठेवा

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, आणि नाताळच्या तारखांना पहिल्या दिवशीच प्रतीक्षायादी लागते. मुंबईहून राजधानी संध्याकाळी निघून दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचते. पुण्याहून निजामुद्दीन दुरांतो ठरावीक वारी असते, गोवा एक्सप्रेस आणि झेलम रोज. नागपूरकरांना दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्यांची भरपूर निवड आहे.

तिकीट काढताना शेवटचं स्थानक नीट वाचा. मुंबई सेंट्रलहून सुटणारी मुख्य राजधानी नवी दिल्लीला जाते, पण ऑगस्ट क्रांती आणि सीएसएमटीहून नाशिक-जळगाव मार्गे जाणारी राजधानी हजरत निजामुद्दीनला थांबते. दोन्ही स्थानकं चांगलीच लांब आहेत आणि परतीच्या दिवशी चुकीच्या स्थानकावर पोहोचलेली कुटुंबं मी स्वतः पाहिली आहेत.

धुक्यात गाड्या रेंगाळतात, विशेषतः मथुरेच्या पुढे. सकाळी आठला पोहोचणारी गाडी दुपारी एकला पोहोचेल असं धरूनच पहिला दिवस आखा. गाडी सुटण्याच्या तुमच्या स्थानकावरच तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवासच रद्द केला, तर पूर्ण पैसे परत मिळतात. मात्र गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागण्याचा अर्ज, भरावा लागतो. हे फार कमी जणांना माहीत असतं.

विमानाने जाणाऱ्यांनी दुपारी बाराच्या आत दिल्लीत उतरणारं विमान धुक्याच्या काळात घेऊ नये, पहाटेचं तर नाहीच. परतीचंही दुपारचंच घ्यावं. धुक्यामुळे विमान रद्द झालं तर पैसे परत किंवा दुसऱ्या विमानात जागा मिळते, पण वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही, कारण हवामान कंपनीच्या हातात नसतं. टर्मिनल तीनवर उतरलात तर विमानतळ मेट्रोने वीसएक मिनिटांत नवी दिल्ली स्थानक येतं. त्याच मार्गावर शिवाजी स्टेडियम नावाचं स्थानक लागतं. ते नाव उद्घोषणेत ऐकताना मला दर वेळी बरं वाटतं. टर्मिनल एकवर उतरलात तर मॅजेंटा मार्गाची मेट्रो. टर्मिनल कुठलं ते तिकिटावर बघा, कारण दोन्ही एकमेकांपासून दूर आहेत.

आपली गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी एकच सूचना. हवा फार बिघडली की दिल्लीत टप्प्याटप्प्याने निर्बंध लागतात, आणि तिसऱ्या टप्प्यात बीएस-३ पेट्रोल व बीएस-४ डिझेल गाड्यांना बंदी असते. तुमची गाडी कुठल्या श्रेणीची आहे ते निघण्याआधी बघून घ्या.

राहायचं कुठे

मेट्रो स्थानकापासून पायी पाच-सात मिनिटं, एवढीच अट पुरे. करोल बाग मध्यम खर्चात बरं पडतं, खाण्याची सोय भरपूर. पहाडगंज स्वस्त आणि नवी दिल्ली स्थानकाला लागून, पण खोली आधी नीट बघून घ्यावी लागते. कुटुंबासोबत असाल तर मी करोल बाग सुचवेन. कॉपर्निकस मार्गावर जुनं आणि कस्तुरबा गांधी मार्गावर नवं अशी दोन महाराष्ट्र सदनं आहेत, पण तिथल्या खोल्या सर्वसामान्यांना सहजी मिळत नाहीत, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

खोली घेताना विचारायच्या गोष्टी आपल्याकडच्यापेक्षा वेगळ्या. गीझर चोवीस तास चालतो का? खोलीत हीटर देता का, त्याचे वेगळे पैसे पडतात का? रजया जादा मिळतील का? खिडकी नीट बंद होते का? इथल्या साध्या हॉटेलांत खोली गरम ठेवायची सोय नसते आणि संगमरवरी फरशी रात्री बर्फासारखी लागते. काही ठिकाणी प्रेमाने कोळशाची अंगीठी आणून ठेवतात. बंद खोलीत ती कधीही पेटती ठेवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि दर हिवाळ्यात उत्तर भारतात त्याने झोपेतच माणसं जातात.

नवी दिल्ली स्थानकावर उतरल्यावर कुणीही येऊन "तुमचं हॉटेल बंद झालंय", "तिकडचा रस्ता दंगलीमुळे बंद आहे", "आधी पर्यटन कार्यालयात चला" असं सांगू लागलं, तर थांबू नका, वाद घालू नका, सरळ चालत राहा. हॉटेलला स्वतः फोन करून खात्री करा. मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला आहे, पहाडगंज दुसऱ्या बाजूला. हे एवढं माहीत असलं तरी माणूस गोंधळत नाही.

बॅगेत काय घ्यायचं

एक जाडजूड जॅकेट घेतलं की भागेल असं आपल्याला वाटतं, पण तसं होत नाही. सकाळी सहा अंश आणि दुपारी एकोणीस-वीस, म्हणजे कपडे उतरवता-चढवता यायला हवेत. आत थर्मल, त्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा किंवा कुर्ता, मग स्वेटर, आणि वर वारा अडवणारं पातळ जॅकेट. कान झाकणारी टोपी हवीच, कारण रिक्षातून जाताना वारा कानातच शिरतो. हातमोजे दुचाकी किंवा ई-रिक्षाने फिरणाऱ्यांना लागतात.

पायमोज्यांच्या निदान चार जोड्या घ्या. गुरुद्वारे, मशीद, दर्गा सगळीकडे पादत्राणं काढावी लागतात आणि गार, कधी ओल्या दगडावर चालावं लागतं. ओले मोजे बदलायला हाताशी दुसरे असले की सर्दी टळते. बूट झटकन काढता-घालता येतील असे घ्या. डोकं झाकायला मोठा रुमाल किंवा ओढणी रोजच्या पिशवीत राहू द्या.

हवा कोरडी असते. ओठ फुटतात, टाचा भेगाळतात, लहान मुलांचे गाल लाल होतात. व्हॅसलीन आणि खोबरेल तेल घ्याच, पण रात्रीच्या थंडीत खोबरेल गोठून दगड होतं, तेव्हा बाटली रुंद तोंडाची घ्या. तहान लागत नाही म्हणून पाणी प्यायलं जात नाही आणि संध्याकाळी डोकं दुखतं. गरम पाण्याची बाटली सोबत ठेवा.

हवेची पातळी रोज सकाळी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर बघा. आकडा २०० च्या आत असेल तर निर्धास्त फिरा. ३०० च्या वर गेला तर एन-९५ मास्क लावा, आणि ४०० ओलांडला तर त्या दिवशी संग्रहालयं बघा. कापडी मास्कने किंवा नाकावर बांधलेल्या रुमालाने सूक्ष्म कण अडत नाहीत.

गुरुवार: निजामुद्दीन आणि हुमायूनची कबर

हा दिवस मुद्दाम सैल ठेवला आहे. गाडी वेळेवर आली तर दुपारी बारापर्यंत सामान खोलीवर टाकून निघा. उशिरा आली तरी फार बिघडत नाही, कारण आज बघायच्या सगळ्या जागा एकमेकींना लागून आहेत.

हुमायूनची कबर दुपारी दोन ते चार या वेळात बघा. लाल वालुकाश्मावर हिवाळ्याचं तिरपं ऊन पडतं तेव्हा दगड आतून पेटल्यासारखा दिसतो. हुमायून १५५६ च्या जानेवारीत पुराना किल्ल्यातल्या आपल्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून पडून गेला. त्याची पत्नी बेगा बेगम हिने ही कबर बांधवून घेतली, आणि चार भागांच्या बागेत मधोमध कबर ही रचना भारतात एवढ्या भव्य प्रमाणात इथेच पहिल्यांदा साकारली. ताजमहालाची बीजं इथे दिसतात. १८५७ च्या सप्टेंबरात शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर याच आवारात इंग्रजांच्या हाती लागला. तिकीट चाळीस रुपयांच्या आसपास, ऑनलाइन काढलं तर थोडं कमी, आणि पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. प्रवेशाजवळ २०२४ साली भूमिगत संग्रहालय उघडलं आहे. धुकं असेल तर आधी ते बघा. वेळ उरला तर समोरच्या सुंदर नर्सरीत हिरवळीवर बसा. हिवाळ्यात दिल्लीकर घरचे डबे घेऊन इथे ऊन खायला येतात.

साडेपाचला अंधारू लागतं. आपल्या मुंबईपेक्षा इथे सूर्य अर्धा तास आधी मावळतो, याचा अंदाज पहिल्या दिवशी हमखास चुकतो. मग हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याकडे वळा. गल्ली अरुंद आहे, फुलं आणि चादरी विकणारे दोन्ही बाजूंनी हाका मारतात, "जूते यहाँ रखिए" म्हणतात. चपला अगदी दाराजवळ गेल्यावरच काढा. आत अमीर खुसरोंची कबर आहे. गुरूच्या पायाशी शिष्य. संध्याकाळची कव्वाली सुरू झाली की अंगणात जागा मिळेल तिथे बसा. पैसे द्यायचे ते स्वखुशीने, वहीत नाव लिहायचा आग्रह झाला तर हात जोडून नाही म्हणा. गर्दीत पाकीट पुढच्या खिशात ठेवा. मुलं लहान असतील तर गुरुवारची दाटी त्यांना त्रासाची होते. अशांनी दुपारी चारलाच दर्शन घेऊन यावं.

शुक्रवार: नवी दिल्ली

सकाळ आत घालवायची. तीस जानेवारी मार्गावरची गांधी स्मृती, म्हणजे पूर्वीचं बिर्ला भवन, दहाला उघडतं, प्रवेश मोफत. गांधीजींनी आयुष्याचे शेवटचे १४४ दिवस इथे काढले. त्यांची खोली, गादी, काठी, आणि खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत दगडात कोरलेली पावलं. ३० जानेवारी १९४८ ला ते याच वाटेने निघाले होते. हिवाळ्यातल्या शांत सकाळी त्या पावलांच्या बाजूने चालताना बरोबरची मुलंही आपोआप गप्प होतात. दिल्लीत एकच जागा बघायची मुभा मिळाली तर मी ही निवडेन.

तिथून तीन मूर्ती भवनातलं प्रधानमंत्री संग्रहालय किंवा जनपथावरचं राष्ट्रीय संग्रहालय, दोन्हींपैकी एकच. दोन्ही एका दिवसात बघितली की डोक्यात काही उरत नाही. राष्ट्रीय संग्रहालयात गेलात तर हडप्पा दालनातली मोहेंजोदडोची नर्तकी शोधा. शाळेच्या पुस्तकात ती मोठी वाटते, प्रत्यक्षात जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची आहे.

जेवायला नव्या महाराष्ट्र सदनाचं उपाहारगृह जवळ आहे. तिसऱ्या दिवशी वरण-भाताची आठवण येते, त्या वेळी ते कामाला येतं.

तीन वाजल्यानंतर कर्तव्य पथ. केंद्रीय सचिवालय मेट्रो स्थानकावर उतरून इंडिया गेटकडे चालत जा, ऊन पाठीवर येतं. ४२ मीटर उंचीची ही कमान १९३१ साली पूर्ण झाली, पहिल्या महायुद्धातल्या आणि अफगाण युद्धातल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ. तिच्यामागेच २०१९ मध्ये झालेलं राष्ट्रीय समर स्मारक आहे. बहुतेक जण इंडिया गेटसमोर छायाचित्र काढून परततात, ते करू नका. स्मारकाच्या वर्तुळाकार भिंतींवर दगडाच्या एकेका विटेवर एकेका जवानाचं नाव, हुद्दा, पलटण कोरलेली आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीची नावं शोधत चालणारी आपली माणसं तिथे नेहमी भेटतात. शेजारच्या परम योद्धा स्थळात परमवीर चक्र मिळालेल्या २१ वीरांचे पुतळे आहेत. त्यांत राम राघोबा राणे आणि अर्देशीर तारापोर आहेत. सूर्यास्ताच्या सुमारास तिथे छोटा मानवंदना समारंभ होतो.

रात्री बंगला साहिब गुरुद्वारा. आठवे गुरू हरकृष्ण यांची ही जागा. ऊब, कीर्तन आणि लंगरातली गरमागरम डाळ-रोटी. डोकं झाकून जा, पंगतीत जमिनीवर बसा, रोटी दोन्ही हात पसरून घ्या. पानात काही टाकू नका.

शनिवार: जुनी दिल्ली

या दिवसासाठी ताकद राखून ठेवा. मेट्रोचं लाल किला स्थानक किल्ल्याच्या जवळच आहे. साडेनऊला दारं उघडतात, दहापर्यंत पोहोचा. छत्ता बाजारातून आत गेल्यावर बहुतेक जण दिवाण-ए-आममध्ये रेंगाळतात. मराठी माणसाने मात्र दिवाण-ए-खासमध्ये थोडं थांबावं. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेचे पगार थकले होते, आणि या दालनाच्या छताची चांदी उतरवून नाणी पाडली गेली. पुढच्या हिवाळ्यात, १४ जानेवारी १७६१ ला, इथून ९० किलोमीटरवर पानिपत झालं. आणि तरी दहा वर्षांत मराठी फौज परत आली. १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली आणि १७७२ च्या जानेवारीत मुघल बादशहा शाहआलमला त्याच्या राजधानीत आणून बसवलं. पुढे रोहिला सरदार गुलाम कादिरने त्याच शाहआलमचे डोळे काढले, तेव्हा १७८८ मध्ये महादजींच्याच सैन्याने किल्ला सोडवला. याचा फलक शोधत बसू नका, घरून वाचून जा. रिकाम्या दालनात मग एकेक खांब बोलू लागतो.

किल्ल्यातून बाराला बाहेर पडून चांदणी चौक पायी. मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारींना बंदी आहे, त्यामुळे चालणं पूर्वीपेक्षा सुसह्य झालं आहे. डावीकडे शीशगंज गुरुद्वारा, जिथे १६७५ मध्ये गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाला. आसपास दरीबा, किनारी बाजार, पराठेवाली गल्ली. टोकाला खारी बावली हा मसाल्यांचा बाजार, तिथे मिरचीच्या गोदामापाशी ठसका लागतोच, मास्क असू द्या.

आता खाण्याचं. हिवाळ्यात इथे आल्यावर दौलत की चाट चुकवू नका. चाट नाव असलं तरी ती गोड असते. दूध रात्रभर गारठ्यात ठेवून पहाटे घुसळतात, त्याचा फेस पानाच्या किंवा कागदाच्या द्रोणात देतात, वर केशर, खवा, बुरा साखर. तोंडात ठेवताच विरते. ऊन चढलं की फेस बसतो, म्हणून ती थंडीतच मिळते आणि दुपारपर्यंत संपते. किनारी बाजाराच्या तोंडाशी झाकलेल्या परातींच्या गाड्या दिसतील. शिवाय लाल गाजरांचा हलवा, आणि लिंबू-मसाला मारलेली भाजकी शकरकंदी, म्हणजे आपलं रताळं. मांसाहारी असाल तर जामा मशिदीच्या गल्ल्यांत सकाळची निहारी, म्हणजे मंद आचेवर शिजवलेला मटणाचा रस्सा. पोट नाजूक असेल त्यांनी समोर तळलेलं किंवा भाजलेलं खावं आणि चटण्या टाळाव्यात.

साडेतीनच्या सुमारास, नमाजाच्या वेळा टाळून, जामा मशीद. शाहजहानची ही मशीद १६५६ मध्ये पूर्ण झाली. पूर्वेकडच्या पायऱ्यांवर बसलं की समोर लाल किल्ला आणि खाली अख्खा बाजार. परतताना सायकलरिक्षा करायची तर बसण्याआधी भाडं ठरवा, आणि ते माणसामागे नसून पूर्ण फेरीचं आहे ना, हे विचारून घ्या.

रविवार: कुतुब आणि परतीची वाट

खोली सोडून सामान हॉटेलात ठेवा. यलो मार्गाने कुतुबमिनार स्थानक, तिथून रिक्षा. अकराच्या आधी जाण्यात अर्थ नाही, मिनार उन्हातच बघायचा. साधारण ७३ मीटर उंची, पाच मजले. पहिला कुतुबुद्दीन ऐबकाचा, पुढचे इल्तुतमिशचे, आणि १३६९ मध्ये वीज पडल्यावर फिरोजशाह तुघलकाने वरचं काम नव्याने केलं. वरच्या मजल्यांतला संगमरवर त्यामुळेच वेगळा दिसतो. आवारातला लोहस्तंभ सहा टनांहून जड आणि सोळाशे वर्षांच्या आसपासचा. लोखंडातल्या फॉस्फरसमुळे त्यावर पातळ संरक्षक थर बसला आहे, म्हणून तो गंजत नाही.

दोनपर्यंत निघा. वाटेत जोरबाग स्थानकावर उतरून लोदी गार्डनमध्ये तासभर बसता येईल. आग्रा या सहलीत कोंबू नका. धुक्यात यमुना द्रुतगती मार्गावर पहाटे निघणं धोक्याचं असतं, ताज शुक्रवारी बंद असतो, आणि एका दिवसाच्या धावपळीत दोन्ही शहरं हातची जातात. त्यासाठी वेगळी सहल करा.

गजक आणि रेवडी घरी न्यायला घ्या, हिवाळ्यात ताजी मिळते आणि महिनाभर टिकते. डबा मात्र सामानात सगळ्यात वर ठेवा, गजक दाबली की चुरा होतो. गाडीची वेळ दुपारी दोनला पुन्हा तपासा, कारण धुक्याच्या दिवसांत येणारी गाडी रखडली की तीच पुढे सुटणारी गाडीही उशिरा निघते. तरीही मूळ वेळेच्या तासभर आधी स्थानकावर असा. आणि रिक्षात बसताना चालकाला नुसतं "स्टेशन" म्हणू नका. तिकीट उघडून नाव वाचून सांगा: नवी दिल्ली, की हजरत निजामुद्दीन.